टूल बंद झालं, कॅम्पेन चालू आहे

मागच्या महिन्यात टेबलटॉप रोलप्लेइंगवर, म्हणजे डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) आणि टेबलाभोवती बसून आपापलं कॅरेक्टर घेऊन गोष्ट खेळायच्या तशा बाकीच्या गेम्सवर लिहिलं होतं, त्यानंतर मेलबॉक्स भरून गेला. "खेळ शिकायचाय, कुठून सुरू करू" विचारणारे थोडेच आणि "कंपनीने सॉफ्टवेअर बंद केलं, आता आमच्या कॅरेक्टरचं काय" विचारणारेच ढीगभर. म्हणून या वेळचा अख्खा कॉलम त्याच विषयाला दिलाय. प्रश्न जरा कापलेत, राग मानू नका. (नवख्यांसाठी: कॅम्पेन म्हणजे बरीच सेशन्स चालणारी एक सलग गोष्ट.)

प्रश्न (पुणे): आमचा ग्रुप अजून डी अँड डीची फोर्थ एडिशन खेळतो, हसू नका. जुन्या विंडोज ७ च्या लॅपटॉपवर ऑफलाइन कॅरेक्टर बिल्डर (कॅरेक्टर बनवायचं सॉफ्टवेअर) आहे, पण तो लॅपटॉप आता शेवटच्या घटका मोजतोय. नवीन विंडोज ११ वर तोच सेटअप टाकला तर डॉट नेट (मायक्रोसॉफ्टचं पूरक सॉफ्टवेअर) मागतो आणि पुढे सरकतच नाही. काय करू?

उत्तर: हसत नाही हो. फोर्थवाले अजून आहेत आणि बिल्डरला का चिकटून आहेत तेही कळतं, कारण त्या एडिशनमध्ये हाताने लेव्हल अप करायला बसलं की रविवार गेला. प्रत्येक क्लासच्या (कॅरेक्टरचा प्रकार, योद्धा, जादूगार वगैरे) पॉवर्स, त्यावर फीट्स (खास कौशल्यं), त्यावर आयटम, वर एराटा (नंतरच्या दुरुस्त्या), आणि सगळं वेगवेगळ्या पुस्तकांत.

थोडं मागचं सांगतो कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. फोर्थ एडिशन २००८ ची. डी अँड डी काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने २००९ मध्ये हा डाउनलोड करायचा बिल्डर दिला, त्यांच्या डी अँड डी इनसायडर या ऑनलाइन सेवेचं सबस्क्रिप्शन घ्यायचं, अपडेट ओढायचं आणि मग नेट असो नसो, चालतंय. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी तो बाजूला सारून ब्राउझरमधला, सिल्व्हरलाइट या मायक्रोसॉफ्टच्या प्लगइनवर चालणारा बिल्डर आणला. म्हणजे तुमच्याकडचा २०१० मध्येच गोठलाय, त्यानंतरची पुस्तकं त्यात शोधू नका.

आता डॉट नेटचं. त्याला लागतं ३.५, आणि सध्याच्या बहुतेक विंडोज १० आणि ११ वर ते आधीपासून चालू नसतं. 'विंडोज फीचर्स' मध्ये जाऊन त्यावर टिक करायची की मायक्रोसॉफ्टकडून डाउनलोड होऊन येतं. गंमत बघा, ऑफलाइन ठेवायचं टूल चालू करायला एकदा तरी नेट लागतंच. नेट द्यायचंच नसेल तर तुमच्या विंडोजच्याच व्हर्जनची इन्स्टॉलेशनची आयएसओ फाइल (डिस्कची हुबेहूब प्रत) घ्या, त्यात 'सोर्सेस' फोल्डरच्या आत 'एसएक्सएस' नावाचा फोल्डर असतो, विंडोजमधल्याच डिझम कमांडला सोर्स म्हणून तो दाखवायचा आणि सोबत लिमिट अ‍ॅक्सेसचा पर्याय द्यायचा म्हणजे ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे बघत नाही. व्हर्जन मात्र जुळलं पाहिजे, दुसऱ्या व्हर्जनची आयएसओ लावलीत तर नुसता एरर येतो आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो.

पण एवढं करून सेटअप पूर्ण झाला तरी हाती काय येणार? रिकामा डबा. कारण पुस्तकांचा सगळा डेटा अपडेटमधून यायचा आणि ते अपडेट देणारं सगळंच केव्हाचं बंद आहे. तुमचा खरा ऐवज ती सेटअपची फाइल नाहीये, जुन्या लॅपटॉपवर अपडेट होऊन बसलेलं इन्स्टॉलेशन आहे. नुसता प्रोग्रॅमचा फोल्डर कॉपी करून भागेल असं वाटतं, पण अशा प्रोग्रॅमच्या खुणा रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) आणि यूझरच्या लपलेल्या फोल्डरांतही असतात, त्यामुळे मी म्हणेन की अख्ख्या लॅपटॉपचीच प्रत उचला.

त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्सचं डिस्कटूव्हीएचडी नावाचं छोटं फुकट टूल आहे, ते अख्खी डिस्क एका फाइलमध्ये उतरवतं. जुना लॅपटॉप चालू असतानाच ते चालवायचं, 'व्हीएचडीएक्स वापरा' वरची टिक काढायची (व्हर्च्युअलबॉक्सला, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, साधी व्हीएचडी जास्त मानवते) आणि फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर लिहायची, त्याच डिस्कवर नाही. मग नव्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवीन मशीन करून ही डिस्क जोडायची. सुरू होताना निळा स्क्रीन आला तर घाबरू नका, स्टोरेज कंट्रोलर साटाचा आयडीई किंवा उलट करून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यावरच सुटतं. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज त्या हार्डवेअरला बांधलेलं असतं म्हणून ते पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागेल, तेवढी तयारी ठेवा. सगळं नीट चाललं की नेटवर्क अ‍ॅडॉप्टर काढून टाका, विंडोज ७ ला आता सिक्युरिटी अपडेट नाहीत आणि बिल्डरला नेटची गरजही नाही. एक स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घ्या आणि मग खुशाल लेव्हल अप करा.

अजून एक, आणि हे आजच करा. बिल्डरमध्ये सेव्ह केलेली कॅरेक्टरची फाइल, ती डॉट डीएनडी४ई (.dnd4e) वाली, नोटपॅडमध्ये उघडा. ती साधी एक्सएमएल, म्हणजे वाचता येणारा मजकूर आहे, कुलूप वगैरे काही नाही. आत नाव, लेव्हल, सहा अ‍ॅबिलिटी स्कोअर, खाली घेतलेल्या प्रत्येक गोष्टीची यादी, आणि मग प्रत्येक पॉवरखाली प्रत्येक शस्त्राचा वेगळा हिशोब: या तलवारीने मारलं तर अटॅक बोनस किती, डॅमेज किती, आणि तो बोनस कुठून कुठून गोळा झाला, निम्मी लेव्हल किती, स्ट्रेंग्थचे किती, प्रोफिशियन्सीचे किती. म्हणजे उद्या बिल्डर पूर्ण मेला तरी या एका फाइलवरून तुम्ही कॅरेक्टर शीट (कॅरेक्टरचा सगळा तपशील असलेला कागद) हाताने उभी करू शकता. अ‍ॅडव्हेंचर टूल्समधला (हेही इनसायडरचंच) मॉन्स्टर बिल्डर वापरत असाल तर तिथल्या मॉन्स्टरच्या फाइल्सही तशाच आहेत. त्या काढा, पेन ड्राइव्हवर टाका, आणि प्रत्येक कॅरेक्टरचं पॉवर कार्डांसकट पीडीएफ करून ठेवा.

प्रश्न (ठाणे): मी तो नंतरचा ऑनलाइन बिल्डर वापरायचे. माझी पाच वर्षांच्या कॅम्पेनची कॅरेक्टर्स तिथेच सेव्ह आहेत. सिल्व्हरलाइट शोधून परत इन्स्टॉल केलं तर मिळतील का?

उत्तर: नाही मिळणार, सॉरी. सिल्व्हरलाइट हा नुसता खेळाडूच्या बाजूचा भाग होता, कॅरेक्टर्स कंपनीच्या सर्व्हरवर होती आणि इनसायडरची ती टूल्स १ जानेवारी २०२० ला बंद झाली. कारण दिलं ते सिल्व्हरलाइटच जाणार असल्याचं, आणि ते खोटं नव्हतं. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये त्या जातीचे प्लगइन बंद केले होते, मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वतः सपोर्ट संपवला. पण सर्व्हर बंद होण्याशी तुमच्या ब्राउझरचा संबंध नाही, समोरून उत्तर द्यायला कोणी नाही तर पुढचं दार उघडून काय उपयोग. (कोणीतरी तुम्हाला सांगेल की सिल्व्हरलाइटचं अ‍ॅप म्हणजे एक झिप फाइल असते, ती मिळाली की झालं. झिप असते हे खरं, झालं हे खोटं.)

आशा आहे ती एकाच ठिकाणी. त्या बिल्डरमधून कॅरेक्टर एक्सपोर्ट करता यायचं. तेव्हाच्या लॅपटॉपचा डाउनलोड्स फोल्डर, जुने मेल अटॅचमेंट, ग्रुपच्या डीएमला (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) पाठवलेल्या फाइल्स, हे सगळं डॉट डीएनडी४ई असं शोधून बघा. डीएम लोक प्लेयरच्या शीट मागून घेतात आणि कधीच डिलीट करत नाहीत, तिथून सुरुवात करा.

प्रश्न (नाशिक): मामाने १९९० च्या दशकात अमेरिकेहून आणलेली एडी अँड डी (डी अँड डीचीच जुनी 'अॅडव्हान्स्ड' आवृत्ती) कोअर रूल्सची सीडी माळ्यावर सापडली. लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही आणि मित्र म्हणतो सापडला तरी चालणार नाही.

उत्तर: मामा भारी आहेत. ती टीएसआरची, म्हणजे डी अँड डीच्या मूळ कंपनीची, १९९६ ची असेल, किंवा १९९८ चं २.० व्हर्जन, नियमांची पुस्तकं आणि कॅरेक्टर बनवायचा प्रोग्रॅम एकाच जागी. चालवायच्या आधी तिची इमेज काढा, सीडी आता तिशीच्या आसपास आहे आणि असल्या सीडी कधी दगा देतील सांगता येत नाही. यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह फार महाग नसतो, इमजीबर्नसारख्या फुकट प्रोग्रॅमने आयएसओ करा, दोन ठिकाणी ठेवा, मग सीडी परत डब्यात.

मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. त्या काळातले बरेच इन्स्टॉलर १६ बिटचे होते आणि ६४ बिटचं विंडोज १६ बिटचं काही चालवतच नाही, मग प्रोग्रॅम स्वतः ३२ बिटचा असला तरी इन्स्टॉलरच्या दारातच अडतो. उपाय परत तोच, व्हर्च्युअलबॉक्समध्ये जुनं ३२ बिटचं विंडोज, आणि नेटवर्क बंद. लिनक्सवाले असाल तर आधी वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) वापरून बघा, त्यात ६४ बिटच्या मशीनवरही १६ बिटचे प्रोग्रॅम चालू शकतात.

पण त्याआधी नुसती सीडी उघडून आत काय आहे ते बघा. आरटीएफ फाइल असेल तर ती आजही लिबरऑफिसमध्ये उघडते, काही इन्स्टॉल करायची गरज नाही. जुन्या विंडोज हेल्पची एचएलपी असेल तर ती विंडोज १० पासून उघडत नाही, तिला व्हर्च्युअल मशीनच. त्याच काळातलं ड्रॅगन मासिकाचं आर्काइव्ह आठवतं, १९९९ चं, पहिले २५० अंक सीडीवर. सोबतचा प्रोग्रॅम म्हातारा झाला पण अंक पीडीएफमध्ये होते म्हणून फोनवरसुद्धा उघडतात. मला विचाराल तर टूल विकत घेताना फीचर्सच्या आधी हे बघावं, डेटा कुठल्या फॉरमॅटमध्ये बाहेर येतो.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): आम्ही मराठी मंडळातले काही जण दर शुक्रवारी खेळतो, सगळी पुस्तकं डी अँड डी बियाँडवर (डी अँड डीची अधिकृत साइट) विकत घेतलीत, बराच पैसा घातलाय. ते काही बंद होणार नाही ना? आणि झालंच तर?

उत्तर: बंद होणार असं मी म्हणत नाही. २०२२ मध्ये विझार्ड्सची मालक कंपनी हॅस्ब्रोने ते १४ कोटी ६३ लाख डॉलर मोजून घेतलंय, एवढे पैसे घालून कोणी लगेच शटर ओढत नाही. पण टूल बंद न होताही त्यातलं तुमचं बदलू शकतं हे लक्षात असू द्या. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की नवे नियम येताना कॅरेक्टर शीटमधले जुने स्पेल आणि मॅजिक आयटम नव्यांनी बदलले जातील, म्हणजे तुमचं चालू कॅम्पेन एका सकाळी वेगळ्या नियमांवर. लोकांनी गदारोळ केला, सबस्क्रिप्शन रद्द केली, आणि काही दिवसांत निर्णय मागे घेतला. त्याआधी एप्रिल २००९ मध्ये विझार्ड्सने आपल्या पुस्तकांचे सगळे पीडीएफ दुकानांतून एका फटक्यात काढून घेतले होते, तेव्हा ज्यांनी पैसे भरले होते पण फाइल आपल्या डिस्कवर उतरवली नव्हती त्यांना परत डाउनलोड करता येईना. पुढे २०१३ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली, पण चार वर्षं ते लोक कोरडेच.

तर करायचं काय. दर लेव्हलनंतर प्रत्येक कॅरेक्टरची पीडीएफ एक्सपोर्ट करून ग्रुपच्या फोल्डरमध्ये टाका, नावात लेव्हल आणि तारीख लिहा. स्वतः बनवलेलं होमब्रू आधी आपल्या डॉक्युमेंटमध्ये लिहा आणि मग साइटवर चढवा, उलट नको. मोबाइल अ‍ॅपमध्ये पुस्तक डाउनलोड होतं ते सोयीचं आहे पण ते अ‍ॅपच्याच पोटात राहतं, त्याला बॅकअप समजू नका. जे पुस्तक टेबलावर खरंच रोज लागतं ते एक छापील घ्या. आणि सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१ (खेळाच्या मूळ नियमांचं विझार्ड्सचं फुकट डॉक्युमेंट) उतरवून ठेवा, २०२३ च्या जानेवारीत डी अँड डीचे नियम इतरांनी कसे वापरायचे त्या लायसन्सचा मोठा वाद झाला त्यानंतर ते क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या लायसन्सखाली आलं, आणि ते लायसन्स मागे घेता येत नाही. त्यात सगळे क्लास, सगळे मॉन्स्टर नाहीत, पण खेळ चालू राहण्याइतकं नक्की आहे.

प्रश्न (डोंबिवली): पावसाळ्यात दोन दिवस कर्जतजवळ मित्राच्या फार्महाउसवर मॅरेथॉन सेशन करायचंय. तिथे रेंज शून्य. आमचे मॅप आणि टोकन (मॅपवर सरकवायची कॅरेक्टरची चित्रं) सगळे ऑनलाइन आहेत.

उत्तर: रेंज शून्य म्हणजे एका अर्थी टेस्टच घेताय, छान. फाउंड्री व्हीटीटी (व्हर्च्युअल टेबलटॉप, म्हणजे स्क्रीनवरचं खेळाचं टेबल) वापरत असाल तर काम सोपं आहे, ते डीएमच्या लॅपटॉपवरच चालतं, लायसन्स एकदा नेटवर तपासलं गेलं की पुढे नेट लागत नाही. फोनचा हॉटस्पॉट चालू करा, डेटा नसला तरी चालेल, सगळ्यांना त्यावर घ्या आणि बाकीचे लॅपटॉप ब्राउझरमध्ये डीएमच्या लॅपटॉपचा लोकल आयपी टाकून पोर्ट ३०००० वर जोडले जातील. फायरवॉल विचारेल तेव्हा 'अलाउ' म्हणा, नाहीतर सगळे जण हॉटस्पॉटला शिव्या देत बसतील. फोनवरून खेळायचं स्वप्न बघू नका, त्याला मोठी स्क्रीन लागते.

निघायच्या आदल्या रात्री घरचं वायफाय बंद करून एक सीन उघडून बघा. एखादं टोकनचं चित्र दुसऱ्याच साइटच्या लिंकवरून येत असतं, ते तेव्हाच कळतं. आणि यूझर डेटाचा फोल्डर फाउंड्री बंद करून मग कॉपी करा, चालू असताना केलेली कॉपी अर्धवट असू शकते.

दुसरं एखादं व्हीटीटी असेल जे फक्त कंपनीच्या सर्व्हरवर चालतं, तर मॅपची चित्रं उतरवा, मॉन्स्टरचे स्टॅट ब्लॉक (आकड्यांचे तक्ते) छापा, स्केच पेन आणि चौकटीची वही घ्या. इन्व्हर्टर आहे का ते मित्राला विचारा, कर्जतला पावसात लाइट जाणं काही नवीन नाही. फासे घरी विसरू नका, हे सांगावं लागतंय पण सांगतो.

प्रश्न (कोल्हापूर): एकाने सगळ्या पुस्तकांचा डेटा भरलेला जुना बिल्डर इंटरनेटवरून आणून दिलाय. कंपनी विकतच नाही तर वापरायला काय हरकत?

उत्तर: मी वकील नाही, पण विक्री बंद झाली म्हणून कॉपीराइट संपत नाही, एवढं पक्कं. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, पोटकलम १ च्या एए मध्ये, कायदेशीरपणे तुमच्याकडे असलेल्या प्रोग्रॅमचा बॅकअप ठेवायला मुभा आहे, हरवला खराब झाला तर म्हणून. म्हणजे पुण्याच्या वाचकाने स्वतःच्या लॅपटॉपची इमेज काढणं वेगळं आणि कोणीतरी कुलूप तोडून वाटलेला डेटा घेणं वेगळं. फोर्थची पुस्तकं पीडीएफमध्ये आज अधिकृतपणे विकत मिळतात, ती घ्या आणि लागेल तेवढं स्वतः टाइप करा. शिवाय कुठल्या कोपऱ्यातून आलेली ईएक्सई आहे ती, त्यात बिल्डरसोबत आणखी काय भरलंय ते त्या आणून देणाऱ्यालाही माहीत नसणार. ज्या लॅपटॉपवर बँकेचं काम करता त्यावर तर अजिबात नको.

प्रश्न (मालवण): २००४ च्या आसपास मी कॅम्पेनच्या नोट्स मराठीतच टाइप केल्या होत्या, वर्डमध्ये, श्रीलिपीचा फॉन्ट होता. आता फाइल उघडली की नुसती चिन्हं दिसतात. गेलं का सगळं?

उत्तर: काही गेलेलं नाही. ते फॉन्ट युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीच्या) आधीचे, फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा आकार देतो. फॉन्ट नाही तर चिन्हं. तेव्हा पहिलं काम, फॉन्टचं नेमकं नाव वर्डच्या फॉन्टच्या खान्यात दिसतं ते लिहून घ्या, तोच फॉन्ट मिळवा (जुना कॉम्प्युटर किंवा गावातलं डीटीपीचं दुकान, तिथे हमखास असतो), उघडा आणि लगेच पीडीएफ करा. वाचण्यापुरतं काम झालं.

मग युनिकोडमध्ये बदलायचं असेल तर त्याच फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर घ्या, एका फॉन्टचा दुसऱ्याला चालत नाही. बदलल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्याने तपासा. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये बरोब्बर उलटं, त्यामुळे 'किल्ला' आणि 'दुर्ग' हे दोन शब्द नीट आले का एवढं बघितलंत तरी कन्व्हर्टरची लायकी कळते. मूळ फाइल ठेवाच. आणि मराठीतल्या कॅम्पेनमधलं एखादं पान आम्हाला पाठवा की, आवडेल वाचायला.

प्रश्न (औरंगपुरा, संभाजीनगर): फोनवरचं जुनं इनिशिएटिव्ह ट्रॅकरचं (लढाईत कोणाची पाळी कधी ते दाखवणारं) अ‍ॅप प्ले स्टोअरवरून गायब झालंय. नवीन फोनवर न्यायचंय.

उत्तर: जुन्या फोनवर अजून आहे ना, मग त्यातून एपीके (अॅपची इन्स्टॉल करायची फाइल) काढून घ्या आणि अ‍ॅपमधला डेटा एक्सपोर्ट होत असेल तर तोही. नवीन फोन अँड्रॉइड १४ किंवा पुढचा असेल तर अँड्रॉइड ६ च्या आधीच्या काळासाठी बनवलेली अ‍ॅप्स तो सरळ इन्स्टॉल करू देत नाही, कॉम्प्युटरला जोडून एडीबी या अँड्रॉइडच्या टूलने ती अडचण टाळता येते. पण पिक्सेल ७ सारखे फोन ३२ बिटची अ‍ॅप्स चालवतच नाहीत, तिथे काही उपाय नाही. आयफोनवाल्यांचं हेच २०१७ मध्ये आयओएस ११ आलं तेव्हा झालं. खरं सांगू का, इनिशिएटिव्हसाठी जुना फोनच ठेवा, सिम काढा, अपडेट बंद करा, टेबलाच्या मधोमध चार्जरला लावून ठेवा. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र आधी बदला.